गुळाच्या ओळीतले पेरू

रंगनाथदादा गेल्याचा फोन हेडमास्तरांच्या मोबाईलवर आला, तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर पानाची आकृती काढत होते. पुसेगावहून जीप धरली आणि नरसीच्या अलीकडे आमच्या शेताच्या फाट्यावर उतरले, तर बांधापर्यंत माणसं उभी होती. सकाळी गोठ्यात वाकला तो उठलाच नाही, एवढंच कुणीतरी सांगितलं. माझा सख्खा थोरला भाऊ, आठ वर्षांनी मोठा. माणसं आपसात बोलत होती ती त्याच्या पेरूंबद्दलच. झाडाला गूळ पाजून पेरू गोड करणारा माणूस गेला, म्हणत होती. मी रडत होते, आणि रडता रडता मनातून फुगतही होते, कारण त्या पेरूंची साक्ष गावोगाव मीच दिली होती. आज त्याची लाज वाटते. भावावर लिहायला बसलेय आणि पहिला शब्द रागाचाच येतोय, त्याला माझा इलाज नाही.

वडिलांची नजर गेली तेव्हा दादाची शाळा सुटली आणि माझी चालू राहिली. मी डी.एड. करून पुसेगावला शाळेवर लागले, विज्ञान शिकवू लागले. त्याला माझा अभिमान होता, आणि तेवढाच मला टोचायचा चाळाही होता. नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं विहिरीजवळ पेरूच्या दोन ओळी लावल्या, बारा-बारा झाडांच्या. झाडं फळाला आली तेव्हा बाजारात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की मुळाला गूळ घाला, फळात उतरतो. झालं... नरसीला देवळासमोरच्या दुकानदारांकडं प्रसादाची केळी उरून काळी पडायची. देवाच्या दारातलं उकिरड्यावर टाकवत नाही, म्हणून ते ती दादाला देऊन टाकायचे. दादा टोपलंभर केळी, दोन किलो गूळ, शेण आणि गोमूत्र पिपात चार दिवस कुजवायचा आणि पाणी मिसळून पंधरा दिवसाला एका ओळीला घालायचा. वास असा सुटायचा की वहिनी नाकाला पदर लावूनच विहिरीवर जायच्या.

मी म्हणायचे, दादा, मुळं साखर ओढून फळात नेत नाहीत, साखर पानात तयार होते. तो म्हणायचा, "शकू, लेकराला गूळ देला तर लेकरू गोड बोलतंय. झाडाचं काहून येगळं आसंल? तुजं पुस्तक पुण्याला छापलं, आमच्या मातीला त्याची खबर न्हाई." दोन दिवाळ्या हे भांडण चाललं. शेवटी मी म्हटलं, परीक्षा घेऊ. एका ओळीला गुळाचं पाणी, दुसरीला नुसतं शेणखत आणि साधं पाणी. हिवाळ्यात नरसीच्या बाजारात दहा माणसांना डोळे बांधून दोन्ही फोडी खायला द्यायच्या. तू जिंकलास तर भर शाळेत उभी राहून सांगेन की माझं चुकलं. दादा लगेच हो म्हणाला नाही, हे मला आता आठवतं. पिपातलं काठीनं ढवळत राहिला आणि मग म्हणाला, "समद्यायपुढं म्हनशील?"

पहिल्या हिवाळ्यात दहापैकी आठ जणांनी गुळाच्या टोपलीतली फोड गोड म्हटली. माझा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी माणसं बदलली, तरी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. डोळे मी बांधायचे, आकडे मी मांडायचे आणि तोडणी दादा करायचा. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं खाणाऱ्यांचे डोळे बांधले, पण तोडणाऱ्याच्या हाताकडं बघितलं नाही. सख्ख्या भावाच्या हाताकडं कोण बघतं...

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मी माईक घेतला आणि म्हटलं, माझं पुस्तकी ज्ञान कमी पडलं, माझ्या भावाचं खरं निघालं. पुसेगावची निम्मी माणसं मैदानात होती. दादा मागे उपरण्यानं डोळे पुसत होता. मला वाटलं, आनंदानं.

त्यानंतर मीच प्रचारक झाले. पालकसभेत सांगितलं, बचतगटाच्या बायकांना सांगितलं. बाई सांगतात म्हणजे बराबरच असणार, म्हणून लोकांनी ऐकलं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जमनाबाईनंही ऐकलं. तिच्या तांड्यावर घरामागं तिनं पपईची वीस झाडं जगवली होती, डोक्यावर पाणी वाहून. एक दिवस चुलीशी बसून तिनं मला विचारलं, "बाई, गूळ न्हाई माज्यापाशी. कार्डावरची साखर चालंल का?" मी वह्या तपासत होते. वर न बघता म्हटलं, चालेल की, गोड ते गोड. तिनं महिन्याची साखर पाण्यात कालवून, न कुजवता, बुडाशी ओतली. एकदा नव्हे, तीनदा. घरातली सगळी बिनसाखरेचा चहा प्याली. मुंग्या लागल्या, बुडं मऊ पडली आणि वीसपैकी सतरा झाडं आडवी झाली. मी बघायला गेले आणि बुरशीचा रोग असेल म्हणून सांगून आले. जमनाबाईनं दुसऱ्या दिवशी वेळेवर खिचडी लावली.

दादाचं तेरावं झालं, पाहुणे पांगले. वहिनी आणि मी भांडी आवरत बसलो होतो. मी म्हटलं, वहिनी, गुळाचं पाणी बंद पडू देऊ नका हं. वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, आता काय लपवू. ते पेरू गुळाच्या वळीचे नव्हतेच." पहिल्या हिवाळ्यात बाजाराच्या आदल्या दिवशी दादानं दोन्ही ओळींचे पेरू घरी चाखून बघितले होते. दोन्ही सारखे, दोन्ही पाणचट. मग त्यानं वरच्या बांधावर मुरमात आपसूक उगवलेल्या दोन झाडांचे पेरू तोडून गुळाच्या टोपलीत भरले. त्या झाडांना तर धड पाणीसुद्धा मिळत नव्हतं, म्हणूनच फळ लहान आणि गोड. तिन्ही वर्षं त्यानं तेच केलं. मी विचारलं, काहून केलं असं त्यानं? वहिनी म्हणाल्या, "तुमी एकडाव त्यायला 'दादा, तुजं खरं' म्हनावं, येवढंच व्हतं त्यायचं. मंग तुमी माईकवर बोलल्या, अन त्यायला माघारी येता यीना."

केसानं गळा कापला म्हणतात तो असा. परका असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ज्यानं माझ्यासाठी नांगर धरला, त्यानंच मला वर्षानुवर्षं भर सभेत खोटं बोलायला लावलं. आणि खरी चीड याची आहे की त्याची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ओळींत खुरपं घालून बघितलं. साध्या ओळीतलं ढेकूळ दगडासारखं. गुळाच्या ओळीतली माती हातात भुगा झाली, काळी, ओलसर, मूठभर मातीत चार-पाच गांडुळं. गुळानं आणि त्या सडक्या केळ्यांनी मातीतल्या जिवांना खाऊ घातलं होतं, शेणानंही हातभार लावला असेल. फळाची गोडी पानांवर, उन्हावर आणि पाणी कधी तोडलं त्यावर ठरत होती. म्हणजे निम्मं त्याचं खरं होतं, निम्मं माझं. त्यानं मला ती माती दाखवली असती, तरी मी माईकवर 'दादा, तुझं खरं' म्हटलं असतं. हौसेनं म्हटलं असतं.

दोन आठवडे मी जमनाबाईची नजर चुकवली. मग एका दुपारी शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. पेरू खोटे होते, तुझ्या पपया माझ्या शब्दानं गेल्या. तिचा उलथणं फिरवणारा हात थांबला नाही.

"ठाव हाय बाई," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमचे दादाच आल्ते. पपया पडल्या त्याच सालात. दारात बसले, पानीबी घेतलं न्हाई. म्हनले, चूक माजी हाय, शकूची न्हाई. मंग रोपं घिऊन आले, सोताच्या हातानं खड्डे खांदले."

"अन् तू मला एवढी वर्षं काहून नाही सांगितलंस?"

"शपथ घातली व्हती त्यायनं." मग म्हणाली, "नरसीच्या बाजारातबी चार जनायला त्यायनंच सांगितलंय. तुमाला कोन सांगनार बाई? तुमी लई भरवशानं सांगून राहिल्या व्हत्या."

म्हणजे जमनाबाईच्या दारात जायला त्याला पाय होते. बाजारात कबूल करायला तोंड होतं. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, त्याच्या शेजारी बसून जेवले, आणि तिथं मात्र त्याला शब्द फुटला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून, असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे.

माझा शब्द मलाच परत घ्यायचा आहे, म्हणून हे छापायला देतेय. गुळाच्या पाण्यानं पेरू गोड होत नाही. नीट कुजवून, पाणी मिसळून, बेतानं घातलं तर माती सुधारते. साखर बुडाशी ओतू नका. ज्यांनी माझं ऐकून ओतली, त्यांनी मला माफ करावं.

परवा शेतावर गेले होते. दादाच्या खोलीत खुंटीवर त्याचा सदरा तसाच आहे, कोपरावर झिजलेला, खिशात सुपारीचा तुकडा. वहिनी म्हणाल्या, धुऊन कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, राहू द्या. त्याच्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही.