शटरवरचे खडूचे नंबर

जानेवारीतला रविवार, सकाळी पावणेसात, बेगम बाजार. हजर: मी, मुलगी, माझी धाकटी बहीण. गैरहजर: नवरा, झोपेमुळे. सामान: कॅमेरा, पाणी, खडू, वही.

मुलगी हैदराबादेतच वाढलेली. मराठी वाचताना अडखळते, म्हणून मलकपेठच्या घरी मीच तिला एक कथा वाचून दाखवली होती. त्या कथेतल्या शहरातून माणसं निघून गेलेली असतात, नुसती बंद दारं उरतात. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिला तेच शहर इथे टिपायचं होतं, दुकानं उघडण्याआधी. फोटोंचा क्रम चुकू नये म्हणून मी प्रत्येक शटरच्या कोपऱ्यात खडूने नंबर घालत होते आणि वहीत मांडत होते.

आठव्या शटरपासून एक वयस्क गृहस्थ मागे लागले. आम्ही थांबलो की तेही थांबायचे. कॅमेरा तेव्हा बहिणीकडे होता; मी तिला त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळायला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुला दूधवालासुद्धा चोर वाटतो." अकराव्या शटरपाशी मी वळून सरळ विचारलं, काय पाहिजे.

त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "कब तोडरें, मॅडम?"

रस्ता रुंद होणार अशी त्या गल्लीत कुणकुण होती. आठव्या नंबरचं मसाल्याचं दुकान त्यांचं. नंबर, वही, फोटो: पाडापाडीच्या आधी मोजणीवाले असेच येतात. मिरचीची पोती अंबरपेठला जावयाकडे हलवायची का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

मुलीने मनापासून समजावलं, "हमारे खयाल का शहर है, चाचा. इसमें कोई नई रहता."

त्यांचा चेहरा आणखी उतरला. मी घाईने जाऊन आठचा आकडा ओढणीने पुसला, तर आता पुसता कशाला, म्हणून त्यांचा संशय वाढला. मग म्हणाले, "बातां नक्को. लिख के देव."

दुसऱ्या दिवशी देते म्हणून आम्ही निघालो. मी ऑफिसात कागदच सांभाळते. सही केलेला कागद कुठवर जातो ते मला माहीत आहे. आम्ही मोजणीवाले नाही, एवढं लिहिता येईल. पण उद्या खरे मोजणीवाले आले, तर माझ्याच सहीवर विसंबून त्यांची पोती दुकानातच राहिलेली असायची. आणि त्यांना तो कागद नेमका कुणाला दाखवायचा आहे, हेही मी विचारलेलं नाही.

मुलगी म्हणते, खरं आहे ते लिही आणि मोकळी हो. पंधरा दिवस झाले. चिठ्ठी अजून लिहायची आहे.