वन्सांचा काटा

गल्लीत सगळे त्यांना शिवणवाल्या काकू म्हणायचे. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या शेडमध्ये विमान. विमान काकांचं. काका बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होते आणि दोन माणसं बसतील एवढं विमान ते कितीतरी वर्षं आपल्या हातांनी बांधत होते. फोमचे आकार कापायचे, त्यांवर काचधाग्याचं कापड पसरायचं आणि ते इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनात भिजवून दगडासारखं कडक होऊ द्यायचं, असं ते काम. कापड काकू बेतायच्या. कुठे तिरकं धरायचं, सुरकुती कुठे पडेल, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. काकांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. घरच्या माणसाचं काय कौतुक करायचं!

कौतुक सगळं वन्सांच्या वाट्याला. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून त्या दर रविवारी शेडमध्ये येऊ लागल्या आणि इपॉक्सी कालवायचं काम आपसूक त्यांच्याकडे गेलं. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्हींचं वजन ठरल्या प्रमाणात तंतोतंत जुळावं लागतं; कोणतंही कमी-जास्त झालं की ते मऊच राहतं. वन्सांनी घरून आपला छोटा वजनकाटा आणून शेडमध्येच ठेवला होता. त्यावर त्या रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर घ्यायच्या आणि मग केसासारखी धार सोडायच्या. नंतर कडा, तळ खरवडत सावकाश ढवळत बसायच्या.

"ताईच्या हाताला तोड नाही," काका म्हणायचे.

ते ऐकलं की काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मशीनवर बसून त्या पुटपुटायच्या, "दोन डब्यांतलं एका पेल्यात ओतायचं, त्याला काय हात लागतो!"

एका रविवारी वन्सं दाढ काढायला गेल्या होत्या. शेपटीच्या सांध्यावर कापड लावायचं काम ऐन रंगात आलं आणि काकांनी कालवलेलं इपॉक्सी संपलं.

"मी कालवते," काकू म्हणाल्या.

काकांचे हात चिकट झालेले, काम अर्धवट. त्यांनी मान डोलावली. वर म्हणाले, "पण ताईसारखं हवं हं, अगदी तंतोतंत."

एवढं बोलले नसते तर बरं झालं असतं. काटा समोरच टेबलावर होता. काकूंनी त्याला हातही लावला नाही. पेल्यात नजरेच्या अंदाजानं रेझिन ओतलं, अंदाजानंच हार्डनर. मग वाटलं, हार्डनरनं कडक होतं ना, मग थोडं जास्तच घालावं, म्हणजे वन्सांपेक्षा पक्कं होईल. चारदोनदा ढवळलं आणि पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं सुजलेला गाल घेऊनच आल्या. पेल्यात उरलेल्या इपॉक्सीवर त्यांनी सवयीनं नख दाबलं. नख आत रुतलं. मग सांध्यावर दाबलं. तिथेही तेच, रबरासारखं. विमानाच्या शेपटीला असलं मऊ हाड चालत नाही; सगळं कापून काढायला हवं होतं.

वन्सांनी काकूंकडे पाहिलं, मग भावाला म्हणाल्या, "मागच्या वेळी हार्डनरचं झाकण माझ्याकडूनच सैल राहिलं असेल. हवा लागली असणार."

"असू दे गं ताई, होतं असं," काका म्हणाले. आवाजात रागाचा मागमूस नाही.

सुटका झाली म्हणून काकूंनी खुशाल गप्प बसावं की नाही? पण तेच त्यांना सोसवेना. "वन्सं, चूक माझी आहे. मी मोजलंच नाही. निदान चूक तरी माझी राहू द्या, ती पण घेऊन टाकू नका!"

काका हातातली करवत घेऊन हळूच बाहेर सटकले.

"माझा राग येतो ना तुला?" वन्सांनी विचारलं.

"येतो."

"मलाही तुझा येतो. संध्याकाळी मी निघते, तुम्ही दोघं आतून दार लावून घेता. त्या कडीचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो."

काकू कात्री घेऊन मऊ पडलेलं कापड सोलू लागल्या. वन्सांनी दुसरं टोक धरलं. सांधा साफ झाल्यावर काकूंनी नवं कापड बेतलं, वन्सांनी काटा त्यांच्यापुढे सरकवला आणि काकू मोजून कालवत असताना नुसतं पाहिलं. ते इपॉक्सी खणखणीत कडक झालं. काका म्हणाले, "बघ, ताई शेजारी होती म्हणून!" काकूंनी कपाळावर हात मारला.

पुढे विमान पुरं झालं आणि उडालं. आधी काका एकटेच उडवत होते. मग शेजारच्या जागेवर कोणी बसायचं, हा प्रश्न आला. "तूच बस, मला उंचीची भीती वाटते," वन्सं म्हणाल्या. काकू बसल्या. वरून त्यांना शेतं दिसली, नदी दिसली आणि धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या वन्सं दिसल्या, तिळाएवढ्या.

खाली उतरल्यावर काकूंनी विचारलं, "खरंच भीती वाटते तुम्हाला?"

"छे!" वन्सं म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काकूंनीच वन्सांना दंडाला धरून विमानात बसवलं आणि पट्टा इतका आवळला की वन्सं ओरडल्या, "अगं, श्वास तरी घेऊ दे!"