हीटरला न दिसलेला आकडा

आमच्या मालकांचा धाकटा भाऊ म्हणजे अगदी गरीब गाय. शहरातली नोकरी गेली तसा बायकोला माहेरी सोडून थोरल्याच्या दारात आला. मालकांनी त्याला अंडी उबवायच्या हॅचरीमागची खोली दिली आणि चारचौघांत सुनावलं, "काम नीट केलंस तर बायकोला आण. नाहीतर आल्या पावली परत." बिचारा तेवढ्यावरही खूश! मला म्हणाला, "ताई, एवढा हंगाम निघाला की तिला घेऊन येतो."

अंडी दिव्यासमोर धरून आत जीव आहे का बघायचं, हे माझं काम. यंत्रातली ऊब सांभाळणारा प्रोग्राम त्याचा. आधी एकच यंत्र होतं, तेव्हा सगळं सरळ होतं. फाईलच्या वर हव्या त्या तापमानाचा आकडा, खाली तपासणी. ऊब त्याहून कमी झाली की हीटर सुरू. मग नवी यंत्रं आली. सगळ्यांना एकच तपासणी वापरता यावी म्हणून त्याने एका संध्याकाळी ती उचलून फंक्शनमध्ये, म्हणजे कुठूनही बोलावता येणाऱ्या वेगळ्या तुकड्यात, घातली. इथेच माशी शिंकली. जुन्या नोकरीतल्या प्रोग्रामच्या भाषेत वर लिहिलेलं फंक्शनला आपसूक दिसायचं. या भाषेत मात्र फंक्शनच्या आत 'ग्लोबल' लिहून त्या आकड्याचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर आत तो रिकामाच. रिकाम्यापेक्षा ऊब कमी कशी ठरणार? त्या रात्री हीटर लागलाच नाही.

भाषेने इशारा दिला असता हो! पण मालकांनीच मागे लागून इशारे बंद करायला लावले होते. "गिऱ्हाइकांसमोर स्क्रीनवर कटकट नको मला!"

सकाळी दार उघडलं तर यंत्रं गार. पिल्लं बाहेर यायच्या बेतात होती. मी एकेक अंडं दिव्यासमोर धरत गेले; आत हालचाल दिसेना. त्याने फाईल उघडली, कपाळावर हात मारून घेतला. "एकच ओळ राहिली हो, ताई." ती घातली तशी हीटर लागले. आता लागून काय डोंबल उपयोग!

मालक ओरडले नाहीत, तेच वाईट. सगळ्या कामगारांना गोळा करून भावाला म्हणाले, "पिल्लं तूच मारलीस ना? मग अंडीही तूच फोड. हाताने."

तो फोडत बसला. आत पिसं फुटलेली, पूर्ण झालेली पिल्लं. कामगार हसत होते. मेल्यांना लाजही वाटली नाही. तेवढ्यात एक चिवचिवलं.

"दादा, जिवंत आहे! बघ ना!" लहान पोरासारखा हसला तो.

"एकासाठी यंत्र चालवू? मुरगळ."

"मालक, मी नेते घरी," मी म्हटलं.

"तुम्ही तुमचं काम बघा." मग भावाकडे वळून, "मुरगळतोस, की निघतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. खोली, बायको, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने डोळे मिटून मान मुरगळली. मला त्या दोघांचाही संताप आला.

"झालं, दादा. आता राहू ना मी?"

मालक हात पुसत म्हणाले, "प्रोग्राम आता नीट चालतोय?"

"हो, दादा."

"मग तुझं काय काम? बॅग मघाशीच फाटकाबाहेर ठेवलीय."

तो उठला. पिल्लू हातातच होतं, ते कुठे ठेवायचं तेही त्याला सुचेना.