विषुववृत्तावरचा वारा

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात मी जे सॉफ्टवेअर सांभाळते, ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: कुठे अणुभट्टी फुटली, तर किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर कुठे जाईल? त्यातलं मूळ गणित खोलीएवढ्या कॉम्प्युटरांच्या काळातलं. थंड देशांतल्या मंडळींनी अणुचाचण्यांची धूळ कुठे पडणार हे सांगायला ते लिहिलं. हवेच्या दाबावरून वारा काढायचा, वाऱ्यावरून धूळ. पृथ्वी फिरते म्हणून तिकडे हे छान जमतं. विषुववृत्ताजवळ मात्र त्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम संपतो, भाजक शून्याला टेकतो आणि उत्तराचा विचका होतो. मग या हुशारांनी काय करावं? विषुववृत्ताजवळचं कुठलंही ठिकाण पंधरा अंश अक्षांशावर आहे असं धरून मोकळे झाले. म्हणजे सिंगापूर उचललं आणि पार मनिलाच्या रांगेत नेऊन ठेवलं! आम्हीही इतकी वर्षं मुकाट्याने तेच चालवत आलो.

हे मला डेमोच्या आठवड्यात सापडलं. हवामानाच्या फुग्यांनी मोजलेला खरा वारा घातला, तर नकाशावरचा नेटका लाल पट्टा विस्कटून अर्ध्या बेटावर पसरला.

साहेब मुंबईचे. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो की मराठीवर येतात. "अगं, क्लायंटला पट्टा आवडलाय. हा डाग कशाला दाखवतेस? आणि तुझा वर्क पास रिन्यूअलला आहे ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पास गेला की गाशा गुंडाळायचा, लेकीची शाळा अर्ध्यावर सोडायची, हे मला कुणी समजावायला नको होतं.

"पासचं तुम्ही बघा, सर. वाऱ्याचं मी बघते."

घरी लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह देम द नाइस वन लाह." तिच्यावरही चिडले.

डेमोला मी पडद्यावर डागवाला नकाशाच लावला. क्लायंटच्या बाईंनी जुना नकाशाही मागितला आणि दोन्ही शेजारी लावायला सांगितले. "जुन्यात आंग मो किओ पांढरं आहे, म्हणजे तिथल्या शाळा चालू राहतील. नव्यात ते लाल आहे. विश्वास कशावर ठेवायचा?"

साहेबांनी घसा खाकरला. त्यांच्या आधी मीच बोलले. "माझी मुलगी तिथल्याच शाळेत आहे. जुन्या नकाशाच्या भरवशावर मी तिला दाराबाहेर पाऊलसुद्धा टाकू देणार नाही."

बाईंनी जुना नकाशा काढून टाकायला सांगितला.

पास अजून आलेला नाही. नाही आला तर सामान बांधीन, लेकीचे रुसवे सोसेन. पण तो खोटा पट्टा नकाशावर रेखाटायला आता मला कुणी लावू शकणार नाही.