दाढ काढायला पेणला

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटताना वॉचमनने माझ्या हातातला गठ्ठा हिसकावून गटारात टाकला होता. तेव्हा मी घाबरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या गटारावरच पत्रक काढलं. खरी घाबरले ती एका म्हाताऱ्या बाईने माझं पत्रक नीट वाचलं म्हणून.

मी पेणजवळच्या जिते गावची. कॉलेजपासून आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. रोह्याकडे हवेत वास सुटला, विहिरीच्या पाण्याला रंग आला, की आम्ही एक पान छापतो आणि वाटतो. पत्रक कसं लिहायचं हे मला पाठ आहे. एक माणूस, एक अन्याय, एक मागणी. आकडे घातले की लोक त्यात भजी गुंडाळतात. माणूस घातला की आधी वाचतात, मग भजी गुंडाळतात.

मुंबईच्या एका विद्यापीठात लोकसंख्या आणि सार्वजनिक आरोग्य शिकवणारी शाखा आहे. त्यांचा सर्व्हे पेण आणि रोहा तालुक्यात व्हायचा होता आणि घरोघर जाऊन बायकांशी बोलायला त्यांना इथल्याच मुली हव्या होत्या. मी गेले. पेणला एका हॉलमध्ये आठवडाभर शिकवलं. किती बाळंतपणं, किती मुलं जगली, पाळणा लांबवायला काय वापरता, कुणाला विचारून वापरता. बाईला एकटीलाच विचारायचं. मध्येच घरातलं कुणी आलं तर चेहरा न बदलता प्रश्न बदलायचा, पाणी कुठून भरता, चूल की गॅस, असं काहीतरी.

आमच्या प्राध्यापक मॅडम हळू बोलायच्या, पण एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. गावात वय, मुलं आणि घरातली एखादी गोष्ट सांगितली की नाव लोकच सांगतात." मी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

रोह्याहून वरशाच्या पुढे, कोलाडच्या अंगाला एक गाव आहे. भात आणि भातानंतर वाल पिकवणारं. तिथल्या एका घरात मला ती भेटली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, तीन मुली. नवरा कंपनीत, शिफ्ट ड्युटी. सासू वालाच्या शेतात गेली होती. सुरुवातीला ती सगळ्याला "नाय" म्हणत होती. काही वापरता का? नाय. कधी वापरलं? नाय. मग मी उत्तरं भरत होते त्या टॅबकडे बघून तिने विचारलं, "यातलं घरात कुणाला कळत नाय ना?"

"कुणाला म्हणजे कुणालाच नाही," मी म्हणाले. शपथ घेतल्यासारखी म्हणाले.

मग तिने सांगितलं. तिसरीच्या वेळी रक्त इतकं गेलं, की डॉक्टर म्हणाले, परत दिवस गेले तर वाचणं कठीण. घरात मात्र चौथ्याचा विषय रोज. तांबी बसवायला ती जवळच्या दवाखान्यात गेली, तर तिथल्या बाईने नवऱ्याची सही मागितली. तसा नियमच नाही! कुठल्याच कागदावर नाही. ती परत आली, आणि महिन्याने दाढ दुखते म्हणून पेणला गेली. तांबी बसवून आली.

"आणि दाढ?" मी उगाच विचारलं.

"ती पण काढली. घरी दाखवायला काय तरी पायजे ना गो."

दुखत होती का, हे मी विचारलं नाही. इतक्यात दारात सासू उभी राहिली. मी म्हणाले, "पाणी कुठून भरता?" आणि ही लगेच, "बोअरचं, पण मे महिन्यात लाल येतं बघा." डोळ्याची पापणी हलली नाही तिची.

परतीच्या गाडीत माझं डोकं फिरलेलं होतं. सही कशाला? अंग तिचं, मरणार ती, सही त्याची? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, नोंद झाली आहे, अहवालात येईल. अहवाल कधी? दोन वर्षं तरी. दोन वर्षं! मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. 'तीन मुलींची आई. कोलाडच्या बाजूची. तांबीसाठी तिला दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून पेणला जावं लागतं, कारण इथे नवऱ्याची सही मागतात. नियम दाखवा!' दाढ खरंच काढल्याचं मी गाळलं. कुणाला खरं वाटलं नसतं. पेणला तीनशे प्रती छापून रोह्याच्या एसटी स्टँडवर वाटल्या. त्या गावात एकही पत्रक टाकलं नाही, ही माझी हुशारी. त्या गावातली माणसं बाजारहाटाला रोह्यालाच येतात, एवढंही सुचू नये मला!

दोन दिवसांनी सकाळी सर्व्हेत मला घरं दाखवणाऱ्या, त्या गावच्या आरोग्यसेविका आशाताईंचा फोन आला.

"तुमचाच कागद ना गो हा? सहीचा?"

"हो. का?"

"काय नाय, म्हातारीकडं हाय. जिच्या घरी तू तास-दीड तास बसली होतीस ना, तिची सासू. सातवी शिकलेली हाय, लग्नपत्रिकासुद्धा शेवटपर्यंत वाचते."

मी तशीच स्टेशनवर धावले. रोह्याकडे जाणारी मेमू गाडी मिळाली. कासूला क्रॉसिंगसाठी थांबली आणि हलेचना. मी दारात उभी. मला दिसत होतं, की नवरा शिफ्टवरून आलाय, तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंय, तांबी काढून टाकलीय. मग पुढचं. रक्त. हे सगळं मी केलं. कंपनीने नाही, सरकारने नाही. मी. शेजारची बाई म्हणाली, "बसा की, गाडी काय ढकलणार हाय काय तुम्ही?" मला तिच्यावरही राग आला.

गावात पोचले तेव्हा उन्हं चढली होती. सासू अंगणात सुपात वाल पाखडत होती. सून पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने मला बघितलं आणि मान खाली घातली. सासूच्या मांडीखाली पत्रक होतं, घडी घातलेलं.

"या सर्व्हेवाल्या बाई. पाणी कुठून भरतो ते इचारायला आलीस काय परत?"

"नाही आजी. सहज आले."

"बरं झालं आलीस." तिने पत्रक काढलं, बोट ठेवून वाचून दाखवलं. 'तीन मुलींची आई' या शब्दांवर थांबली आणि सुनेकडे बघितलं. "आमची पण तीन पोरींची आई. माझ्या मनात पयलं हिचंच आलं."

सून शेंगा सोलत राहिली.

"पण हिची दाढ मी या हातावर घेऊन बघितली हाय. कापसात गुंडाळून आणली होती. ही खरीच दाताला गेली होती." सासूने घडी घातली. "कागदातली ही खालच्या आळीतली. तिला पण तीन पोरी. दातासाठी म्हणून चार खेपा घातल्या पेणला, आणि तोंडातला एक दात हलला नाय. कळलं आता. तिची सासू बिचारी नवस बोलतेय, आणि ही मागं जाऊन हे धंदे करतेय!"

मला एक क्षण हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. वाचली, असंच मनात आलं. मग म्हातारी उठून चपला शोधायला लागली.

"कुठं निघालात?"

"खालच्या आळीत. तिच्या सासूला वाचून दाखवते."

सुनेने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. खालच्या आळीतल्या बाईचा यात काही संबंध नव्हता. तिच्या दाढेचं खरंच काम चाललं असेल. पण तिचा नाही म्हटलं, तर म्हातारी विचारणार, मग कुणाचा? तीन मुलींच्या आया त्या गावात दोनच.

"आजी, थांबा. अशी बाईच नाही."

"म्हंजे?"

"मी मनाने लिहिलंय ते. लोकांनी वाचावं म्हणून. कुणी सांगितलं नाही मला."

म्हातारी एका पायात चप्पल घालून थांबली. "खोटं छापतेस?"

"हो."

"आणि त्या कंपनीच्या वासाचा कागद वाटला होतास, पोरांना खोकला धरतो म्हणून, तो?"

"तो खरा होता."

"आता कोण मानतंय गो?" ती हसली. हसता हसता खाली बसली, सूप पुढे ओढलं. "शिकलेली पोरगी, आणि धंदा खोटारडीचा. पाणी दे गो तिला, उन्हातून आलीय."

सुनेने तांब्या दिला. ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली, आणि सासूला ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर आल्यावर म्हणाली, "तुमच्या त्या मशीनमध्ये माझं जे घातलंय, ते पुसता येतं?"

"येतं."

"मग पुसा. आणि परत या घरात येऊ नका."

आठ दिवसांत रोहाभर बोभाटा झाला, की पत्रकवाली पोरगी मनाने रचते. गटातल्या पोरांनी मला विचारलं, खरं काय? मी त्यांनाही तेच सांगितलं. दवाखान्यात सही अजून मागतात, आणि त्यावर पत्रक काढायची आता माझी सोय उरलेली नाही.

मॅडमना मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला सर्व्हेतून काढलं, टॅब आणि ओळखपत्र जमा करून घेतलं, आणि तिची नोंद काढून टाकायचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"नोंद काढली. तिला तसं सांग."

"तिने येऊ नको म्हटलंय मॅडम. घरात फोन एकच आहे, तो नवऱ्याकडे असतो."

"आशाताई?"

"त्यांच्याकडून निरोप पाठवला तर त्या ओळखतील, पत्रकातली बाई कोण ते."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तिला वाटतंय, तिचं सगळं अजून त्या टॅबमध्ये आहे."

हो, मी म्हणाले. तिला अजून तेच वाटत असणार.