द्राक्षांची थंडी

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये तेव्हा एकच काम उरलं होतं, आणि तेही बर्फाचं. गाड्यांचे पार्ट बनवणारं आमचं छोटं वर्कशॉप. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली, शेवटी एका परदेशी कंपनीचं स्नोमोबाईलचं काम हाती लागलं. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर पळणारी मोटारसायकल, मागे चाकाऐवजी रबरी पट्टा आणि पुढे दोन स्की. त्या स्कीला हँडलशी जोडणारा लोखंडी दांडा आम्ही करायचो, तोही शर्यतीच्या गाड्यांसाठी. हे गेलं की शेड बंद, हे आम्हा नवराबायकोला पक्कं ठाऊक होतं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

माल पाठवण्याआधी तो कडक थंडीत तपासायचा होता. आता नाशिककराला थंडी विचारा, तो द्राक्षं सांगेल. निफाडला पारा उतरला की बागांमधून शेकोट्या पेटतात. त्यापलीकडची थंडी आम्ही पाहिलीय कुठे? माझे दीर पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. दांडे तिथेच क्रेटमागे ठेवले. मग मी स्वेटरवर शाल गुंडाळून आत उभी राहिले आणि यांनी घण घातला. दांड्याला ओरखडासुद्धा नाही.

"वहिनी, दादाच्या हातचं काम आहे, मोडतंय होय," दीर म्हणाले. बाहेर येऊन मी चक्क रडले, इतकं हलकं वाटलं. द्राक्षं गोठू नयेत म्हणून ती खोली शून्याच्या खाली जातच नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिकडे शून्य म्हणजे ऊन पडल्यासारखं.

हिवाळ्यात मोबाईलवर कंपनीकडून शर्यतीचा एक व्हिडिओ आला. वळणावर एका गाडीची स्की निखळली, गाडी उलटली, चालक बर्फात फेकला गेला. मागून गाड्या येतच होत्या. कॅमेरा पुढच्या गाड्यांबरोबर निघून गेला. खाली तुटलेल्या दांड्याचा फोटो, त्यावर आमचा शिक्का.

"अहो, तो उठला का?"

"परत लाव."

कितीदा लावला, देव जाणे. तो पडलेलाच राहायचा. मला त्या कंपनीचा असा संताप आला. फोटो काढायला दांडा बरा सापडला त्यांना, माणूस नाही दिसला.

कंपनीला उत्तर लिहायला हे स्वतः बसले. वाटलं, चूक कबूल करतील, नवे दांडे फुकट देतो म्हणतील, शेड वाचेल. मला तेच हवं होतं. यांनी फक्त विचारलं होतं, चालक कसा आहे?

"आणि शेडचं काय?" मी विचारलं.

"पाठव तू."

दुपारी उत्तर आलं. काम थांबवलंय, उरलेला माल परत येतोय. मी खालपर्यंत वाचलं. चालकाबद्दल अक्षर नव्हतं.

यांनी खिशातून किल्ल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"कुलूप तूच लाव," म्हणाले. "मी त्यांना परत विचारतो."