गेटचं चॅनल

कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारातल्या दुधाच्या पिशव्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा माझे सासरे सोसायटीचे चेअरमन होते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सासरे नुकतेच सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. हुकूम सोडायला हाताखाली कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी सोसायटी धरलेली. आधी त्यांनी वॉचमन ठेवला. मग गेटवर पाटी लावली, फेरीवाल्यांना सक्त मनाई. दोन महिने झाले तरी पिशव्या जातच राहिल्या, तेव्हा त्यांनी गेटच्या खांबावर कॅमेरा बसवून घेतला.

चित्र बघायचं कुठे, हा प्रश्न केबलवाल्याने सोडवला. त्याच्याकडे एक चॅनल रिकामं होतं. त्याने वायर जोडली आणि बत्तीसच्या बत्तीस घरांत टीव्हीवर आमचंच गेट दिसायला लागलं. ब्लॅक अँड व्हाइट, आवाज नाही, आणि कॅमेरा जरा तिरका बसल्यामुळे माणसं डोंगर चढत असल्यासारखी आत यायची.

चोर काही सापडला नाही. तो बहुतेक बिल्डिंगमध्येच राहत असावा, त्याला गेटशी काय घेणंदेणं? पण चॅनल तुफान चाललं. कोणाकडे पाहुणे आले, मिठाईचा पुडा केवढा आणला, कोणाच्या मुलीला मोटरसायकलवरून कोणी सोडलं, सगळं घरबसल्या. मीसुद्धा ऑफिसमधून येताना पाणीपुरी खाल्ली असली की तोंड नीट पुसून मगच गेटात शिरायची.

सासूबाई तर टीव्हीसमोरून हलेनात. त्यांचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभर त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यात त्यांची कोळीण यायची बंद झालेली. कोळीवाड्यातून टोपली घेऊन ती पंचवीस वर्षं थेट आमच्या दारात येऊन बसायची. आधी भाव, मग भांडण, मग चहा. दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांनीच सांगितलेलं, "तिने धंदा सोडला. मुलीकडे कळव्याला गेली."

"मला न सांगता?" सासूबाईंना ते फार लागलं होतं. सासरे मार्केटातून पापलेट आणायचे, तर त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणायच्या, "ह्याला जाऊन आपल्या लग्नाइतके दिवस झालेत."

कॅमेरा बसल्यानंतरच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. सासूबाई टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या, मी तांदूळ धूत होते.

"अगं, इकडे ये. ही कोण बघ."

डोक्यावर टोपली, गुडघ्यापर्यंत लुगडं, तीच झोकात टाकलेली चाल. वॉचमन तिला आडवा झाला. त्याच्या मागून, एक हात पाठीशी ठेवून दुसऱ्याने पाटीकडे बोट दाखवत, माझे सासरे पुढे आले.

"कळवा फारच जवळ आलंय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या चपला काढ."

"आई, गुडघे..."

"गुडघे गेले खड्ड्यात. तू इथेच थांब आणि बघ. मी कशी दिसले ते सांगायला कोणीतरी हवं."

खाली पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. तोवर पडद्यावर भांडण चालूच होतं. मग सासूबाई कोपऱ्यातून भिंत धरत आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर कोणीतरी टीव्हीचा आवाज फुल केला. नुसती खरखर. सासऱ्यांचा पाठीवरचा हात हळूहळू पुढे आला. वॉचमनने उगाचच सलाम ठोकला.

थोड्या वेळाने तिघं वर आली. पुढे कोळणीच्या खांद्याचा आधार घेतलेल्या सासूबाई, मागे दोन्ही हातांत टोपली सांभाळणारे चेअरमन. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी.

"नियम सगळ्यांना सारखा," सासरे धापा टाकत म्हणाले. "आणि तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"मंग आता काय तिनं आरती केली तुमची?" कोळीण म्हणाली. आणि सासूबाईंकडे न बघता, जरा खालच्या आवाजात, "मना वाटला तूच नको बोललीस."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, भाव न विचारता सासूबाईंनी आधी चहा टाकायला लावला. बशीत ओतून दोघी प्यायल्या. सासरे आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसले. तो आदल्या दिवशीचा होता.

मग कोळणीला कळलं की ती टीव्हीत दिसली होती. "मना पन दाव की गो."

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. रिकामं गेट. वॉचमन काख खाजवत होता.

"मी कया हाय यात?"

"तू इथे बसलीयेस ना!" सासूबाई म्हणाल्या.

"हॅत, काय कामाचा नाय तुमचा डबा."

ती टोपली उचलून निघाली, तशा सासूबाई म्हणाल्या, "थांब. खाली जाऊन त्या खांबासमोर उभी राहा."

ती खरंच उभी राहिली. आधी पदर सारखा केला, मग टोपलीतून एक हलवा शेपटीला धरून कॅमेऱ्यापुढे नाचवला.

सासूबाई टीव्हीच्या काचेला नाक लावून बघत होत्या. "गॅलरीत जा," त्या मला म्हणाल्या, "आणि तिला सांग, कल्ले उघडून दाखव."